सिस्टरचा दगडांचा तास

"चाटा," मॅडम म्हणाल्या.

सिस्टरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. रात्रपाळी करून थेट वर्गात आलं की माणसाला काहीबाही ऐकू येतं. पण शेजारच्या हिशेबनिसानं समोरच्या ट्रेमधला पांढुरका खडा उचलला, जीभ लावली, तोंड वेडंवाकडं केलं आणि खडा तिच्यापुढे धरला.

"घ्या काकू. खारट आहे."

"काकू नको म्हणूस. काकू म्हटलं की माझी कंबर दुखायला लागते. सिस्टर म्हण."

"घ्या सिस्टर. खारटच आहे."

सिस्टरनं खड्याकडे पाहिलं. त्याच्यावर हिशेबनिसाची जीभ लागली होती, त्याच्या आधी कवयित्रीची, तिच्या आधी मागच्या बाकावरच्या सगळ्यांची. आणि मॅडमच्या सांगण्याप्रमाणे, त्यांच्याआधी कितीतरी वर्षांच्या विद्यार्थ्यांची. खडा म्हणे एकेकाळी चांगला मुठीएवढा होता. चाटून चाटून लिंबाएवढा उरला होता.

"मॅडम, हे असं उष्टं…" सिस्टर चाचरत म्हणाली.

"मिठाचा खडा आहे सिस्टर, मिठात जंतू फार टिकत नाहीत."

जंतू तुम्हाला विचारून टिकतात का, हे वाक्य सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. पर्समधून स्पिरिटचा बोळा काढून तिनं खडा सगळीकडून पुसला आणि जिभेचं टोक लावलं. खडा खारट होता खरा, पण वर स्पिरिटचाही वास मारत होता. पुढचे सगळेजण "कडू लागतं" असं लिहून मोकळे झाले आणि मॅडमना कळेना की या वर्षी मिठाला झालंय तरी काय.

ही सिस्टर म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलातली जुनी नर्स. सलाईन लावायची तर तिनंच, असं पेशंटच काय, डॉक्टरही म्हणत. पण मेट्रननी एक दिवस बोलावून सांगितलं होतं, "वॉर्डची इन्चार्ज तुलाच करायची माझी इच्छा आहे. पण नवा नियम आलाय, पदवी लागते. वर्षभरात पूर्ण कर. नाहीतर मला दुसऱ्या कुणाचं तरी नाव पाठवावं लागेल." ते दुसरं नाव कुणाचं, हे सिस्टरला ठाऊक होतं. तिच्याच हाताखाली सुई धरायला शिकलेल्या एका मुलीचं. मुलगी चांगली होती, गुणी होती, पण आपणच शिकवलेल्या पोरीला उद्या "मॅडम, येऊ का" म्हणून विचारायचं, हे सिस्टरच्या घशाखाली उतरत नव्हतं.

अर्धवट राहिलेली पदवी तिनं पुन्हा सुरू केली. बाकी सगळे विषय निघाले. राहिला एक, तोही आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असा नियम. तिच्या ड्यूटीच्या वेळेत बसणारा एकच विषय होता, भूशास्त्र. सगळं विद्यापीठ त्याला दगडांचा तास म्हणायचं. सोपा आहे अशी त्याची ख्याती होती, त्यामुळे तिथे सगळे आडवाटेनं आलेले होते. हिशेबनीस वाणिज्य शाखेचा होता, म्हणून वर्गात त्याचं हे नाव पडलं होतं. त्याला सकाळची झोप प्यारी आणि हा वर्ग उशिरा भरायचा. कवयित्री भाषा शाखेची होती. डोंगर, दऱ्या, नद्या आपल्या कवितेला उपयोगी पडतील असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात तिला अर्धं सत्र वाळूच्या कणांचा आकार मोजावा लागला आणि त्यावर कविता काही होईना.

"ज्यानं कुणी हा विषय सोपा म्हणून सांगितलं ना," हिशेबनीस म्हणायचा, "त्याला एकदा भेटायचंय मला."

सिस्टरचं दुखणं वेगळंच होतं. तिला सगळे दगड सारखे दिसत. घरी ती जेवणाच्या टेबलावर बसून पाठ करायची, "चमक काचेसारखी, घासल्यावर रेघ पांढरी, नखाने ओरखडा उठत नाही…" आणि समोर तिची लेक हसून हसून लोळायची. लेकीचंही कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि आई आपल्याच विद्यापीठात शिकते याची तिला आधी लाज वाटली होती, नंतर गंमत.

"आई, डोळे मीट. हे काय आहे सांग." लेकीनं तिच्या हातात काहीतरी ठेवलं.

सिस्टरनं ते चाचपलं, वजन घेतलं, नखानं ओरखडलं. "मऊ आहे. हलकं आहे. शंखजिरं?"

"साबण आहे. बाथरूममधला."

सिस्टरनं साबण टेबलावर आपटला. "हसू नकोस. मी नापास झाले तर घरात कुणी आठवडाभर माझ्याशी बोलायचं नाही."

"नाही होणार गं तू नापास. तू कधी कशात झालीयेस?"

तेच तर होतं. सिस्टर आजवर कशातच नापास झाली नव्हती, कारण जे जमतं तेवढंच ती करत आली होती. हा दगडांचा विषय मात्र तिला जमत नव्हता, हे रोज नव्यानं कळत होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सिस्टर रात्रपाळी संपवून तशीच विद्यापीठात आली. वर्ग सुरू व्हायला वेळ होता. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि टेबलावर उद्याच्या परीक्षेचा ट्रे मांडून ठेवला होता. प्रत्येक दगडावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर नंबर. सिस्टर उजळणीसाठी पुढे गेली आणि तिला ते दगड जवळून दिसले. बोटांचे तेलकट ठसे, खडूची भुकटी, मिठाच्या खड्यावर वाळलेली चकाकी. कालच कवयित्री नाकाला रुमाल लावून वर्गभर शिंकत होती. आणि उद्या सगळा वर्ग ओळीनं हा खडा चाटणार.

पुढचं तिच्या डोक्यानं केलं नाही, हातांनी केलं. कोपऱ्यात बादली होती, गिझरला कोमट पाणी होतं, पर्समध्ये जंतुनाशकाची बाटली असायचीच. वॉर्डातली भांडी भिजत घालतात तसा तिनं अख्खा ट्रे बादलीत भिजत घातला. थोडं भिजू दे, मग ब्रशनं घासू, असं म्हणून ती खुर्चीवर टेकली. रात्रभर उभी असलेली बाई ती. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

"सिस्टर! सिस्टर, उठा! हे काय केलंत?"

हिशेबनीस बादलीवर वाकला होता आणि त्याच्यामागे वर्गातले बाकीचे जमले होते. सिस्टर धडपडत उठली, कोपरापर्यंत हात बादलीत घालून तिनं एकेक दगड बाहेर काढला. दगड स्वच्छ झाले होते, इतके स्वच्छ की एकावरही नंबर उरला नव्हता. चिकटपट्ट्या पाण्यावर तरंगत होत्या आणि त्यांची शाई पाण्यात उतरली होती. चिकणमातीच्या दगडाचा चिखल झाला होता. मिठाचा खडा तिनं तीनतीनदा शोधला. बादलीत खडा नव्हता.

हॉस्पिटलात इतकी वर्षं काढली, पण असं हातून कधी घडलं नव्हतं. त्याच वेळी मॅडम आत आल्या. त्यांनी बादली पाहिली, टेबलावरचे ओले दगड पाहिले, सिस्टरचे ओले हात पाहिले.

"मीठ कुठंय?" त्यांनी विचारलं.

सिस्टरनं बादलीकडे बोट केलं.

मॅडम स्टुलावर बसल्या. "माझ्या सरांनी दिला होता तो खडा," त्या हळूच म्हणाल्या. "मी विद्यार्थिनी होते तेव्हा. तेही तो चाटायचे."

मग कवयित्री म्हणाली, "मॅडम, बादली उन्हात ठेवूया ना. पाणी उडून गेलं की मीठ परत येईल."

"येईल की. जंतुनाशकासकट येईल. मग आधी तूच चाट."

आणि मॅडमना हसू फुटलं. सुरुवातीला त्या तोंड दाबून हसत होत्या, मग टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. "तीस वर्षांत मीठ धुणारा पहिला माणूस!" त्या म्हणाल्या. "अहो, आजवर पोरांनी दगड हरवले, फोडले, एकानं तर खिडकीतून कुत्र्याला फेकून मारला. पण मीठ कुणी धुतलं नव्हतं!" मग हिशेबनीस हसला, सगळे हसले, फक्त सिस्टर रडकुंडीला आली होती.

"मॅडम, मला माफ करा. नंबर… उद्या बाहेरचे परीक्षक येणार…"

"नंबर काय, मी आत्ता लावून देईन. डोळे मिटून लावीन." मॅडमनी चिकटपट्टीची गुंडाळी काढली आणि सिस्टरच्या पुढे ठेवली. "पण मी लावणार नाही. ज्यांनी धुतले त्यांनी लावायचे. नावं फळ्यावर लिहिते, त्यापुढे नंबर लिहिते. कोणता दगड कोण ते तुम्ही शोधायचं. बाकीच्यांनी मदत केली तर माझी हरकत नाही."

इतके दिवस ती नंबर पाहूनच दगड ओळखत होती. चार नंबर म्हणजे गारगोटी, नऊ म्हणजे अभ्रक. आता नंबर नव्हते, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दगड पाहिलेच नाहीत, फक्त कागदाचे तुकडे पाठ केले.

"सिस्टर," हिशेबनीस बाही सरसावत म्हणाला, "पेशंट समजा ना. नवा पेशंट आला की काय करता तुम्ही?"

"आधी नुसतं बघते."

"मग बघा."

तिनं एक दगड हातात घेतला आणि बघितला. घाई न करता, फिरवून, खिडकीशी नेऊन. हा जड आहे. हा आकाराच्या मानानं फारच हलका, आत भोकं भोकं. याच्यावर खिळ्यानं रेघ उठते, याच्यावर खिळाच झिजतो. कवयित्रीनं फरशीच्या खरखरीत पाठीवर एक काळपट दगड ओढला तर रेघ लालभडक उठली आणि ती ओरडली, "अगं बाई, आत एक आणि बाहेर एक! माझा मामा!" हिशेबनीस थेंब थेंब अॅसिड टाकत होता आणि दगड फसफसला की टाळी वाजवत होता. चुका भरपूर झाल्या. ज्वालामुखीतून आलेल्या काळ्या चकचकीत काचेला सिस्टर बराच वेळ कोळसा म्हणून बसली होती. संगमरवराला हिशेबनिसानं छातीठोकपणे गारगोटी ठरवलं आणि अॅसिड टाकल्यावर मान खाली घातली.

मग सिस्टरच्या हातात एक पारदर्शक, तिरका चौकोनी तुकडा आला. कॅल्साइट. हे तिला पाठ होतं. पण कवयित्रीनं तो तुकडा वहीच्या पानावर ठेवला आणि म्हणाली, "सिस्टर, यातून वाचा."

सिस्टर वाकली. पानावरचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसत होतं. तुकडा फिरवला की एक अक्षर जागच्या जागी राहायचं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरायचं. ती फिरवत राहिली. नकळत तिला हसू आलं, लहान मुलीला यावं तसं. इतक्या वर्षांत तिनं ज्या ज्या गोष्टीकडे निरखून पाहिलं होतं, त्या प्रत्येकीचं पुढे काहीतरी करायचं असायचं. जखम पाहिली की ड्रेसिंग, जीभ पाहिली की औषध, चेहरा पाहिला की डॉक्टरांना हाक. या दगडाचं काहीच करायचं नव्हतं. त्याला काही झालेलं नव्हतं. त्याला बरं करायचं नव्हतं. तो नुसता पाहायचा होता. सिस्टरला इतकं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती आणखी खाली वाकली.

"काय झालं?" हिशेबनिसानं विचारलं.

"काही नाही रे. दोन-दोन दिसतंय."

दिवस उतरायला आला तेव्हा शेवटची पट्टी लागली. मॅडमनी ट्रेवरून नजर फिरवली, दोन नंबरांची अदलाबदल केली आणि म्हणाल्या, "दोनच. आणि ते दोन मीही पहिल्या वर्षी चुकले होते."

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी सगळे नंबर उलटसुलट करून टाकले, तरी प्रात्यक्षिक परीक्षा अशी गेली की अख्ख्या वर्गाला त्यांनी शाबासकी दिली. मिठाची जागा रिकामी होती. परीक्षकांनी कारण विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "संपलं." सिस्टर मात्र लाजेनं खाली बघत बसली होती.

आता फक्त लेखी परीक्षा राहिली. सिस्टरनं पुस्तक वाचलं होतं, तिला सगळं येत होतं. पण इतकी वर्षं वॉर्डात रिपोर्ट लिहिलेला हात तो. तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: मोजकं लिहायचं आणि जे स्वतः पाहिलं नाही ते आपण पाहिल्यासारखं लिहायचं नाही. प्रश्नपत्रिकेत "सविस्तर" असा शब्द होता, पण लिहायला लागल्यावर हाताला तो दिसला नाही. ती सगळ्यांच्या आधी पेपर देऊन बाहेर आली आणि खूश होती.

निकाल लागल्यावर मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. उत्तरपत्रिका बाहेरच्या परीक्षकांनी तपासली होती. मॅडम ती समोर धरून वाचत होत्या, आणि त्यांचा चेहरा हसू की रडू असा झाला होता.

"ज्वालामुखीच्या उद्रेकाची कारणे सविस्तर लिहा. तुमचं उत्तर: आत दाब वाढतो. वाट मिळेल तिथून बाहेर येतो. आधी लक्षणे दिसतात, दुर्लक्ष होते."

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे हो! पर्वत कसे तयार होतात? दोन्ही बाजूंनी रेटा. उंची वाढते आहे. निरीक्षण चालू." मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. "आणि हे. पृथ्वीच्या गाभ्याचे सविस्तर वर्णन करा. प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पुस्तकानुसार मध्यभाग घट्ट, बाहेरचा वितळलेला. ताप फार."

"मग पाहिलाय का कुणी?"

"कुणीच नाही. पण सिस्टर, या प्रश्नाला दोन पानं लागतात." मॅडमचा आवाज खाली आला. "मी त्यांच्याशी बोलले. ते म्हणतात, एवढ्याशा उत्तराला मार्क कुठले द्यायचे? थोडक्यात राहिलात. लेखी वेगळं पास व्हावं लागतं."

सिस्टरनं उत्तरपत्रिका मिटून मॅडमपुढे ठेवली. मग म्हणाली, "वाईट वाटलं." अगदी साध्या शब्दांत, कारण खरंच वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली होती, तेही येत असताना.

मेट्रनना तिनं हळू आवाजात सांगितलं, दार लावून. मेट्रन हळहळल्या आणि दुसरं नाव वर गेलं. नवी इन्चार्ज पहिल्या दिवशी आपल्या खुर्चीत बसायलाच तयार होईना. "तुम्ही समोर उभ्या असताना मी कशी बसू?" असं म्हणून ती उभीच राहिली. शेवटी सिस्टरनं तिला खांद्याला धरून बसवलं. "बस गं. खुर्ची चावत नाही," ती म्हणाली आणि इंजेक्शनचा ट्रे उचलून निघाली. कॉरिडॉरमध्ये एका जागी ती थोडी थांबली, नाक पुसलं आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

नवीन सत्राची नोंदणी सुरू झाली तेव्हा लेक तिच्याबरोबर विद्यापीठाच्या ऑफिसात आली. खिडकीतला कारकून भला माणूस होता. त्यानं कॉम्प्युटरवर तिचं नाव काढलं आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

"एवढा एकच राहिला होय? अहो, मग यंदा 'व्यक्तिमत्त्व विकास' घ्या. परीक्षाच नाही त्याला. नुसतं येऊन बसायचं, सही करायची. तुमच्या ड्यूटीच्या वेळेतही बसतो, नवीनच चालू झालाय. पदवी हातात समजा."

"घे आई," लेक पटकन म्हणाली. "सुटलीस तू."

सिस्टरनं खिडकीच्या कठड्यावर हात ठेवले. "भूशास्त्र लिहा."

कारकुनाला वाटलं, तिनं नीट ऐकलं नाही. "अहो बाई, त्यातच तर नापास झालात तुम्ही."

"हो."

"मग?"

"मग काय? नापास झाले म्हणजे तो विषय मला आवडत नाही, असं कुठंय?"

कारकून लेकीकडे बघायला लागला. लेक आईकडे बघत होती. घरात भाजी कोणती करायची इथपासून सुट्टीत कुठं जायचं इथपर्यंत आईला काय आवडतं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं आणि आईनंही कधी सांगितलं नव्हतं. "लिहा काका," लेक म्हणाली. "दगडच लिहा तिला."

मागे रांगेत उभी असलेली एक मुलगी पुढे वाकली. "मीपण तोच घेणार होते. सगळे म्हणतात सोपा आहे. आहे का हो?"

"छे! मी नापास झाले त्यात," सिस्टर म्हणाली. अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाली, आणि ड्यूटीला उशीर होत होता म्हणून साडीचा पदर खोचून झपाझप पायऱ्या उतरून गेली.